तिसऱ्या कडव्यातला थांबा

माझ्या चुलतभावानं माझ्या आईचं गाणं चोरलं आणि सगळी हयात स्वतःचं म्हणून गायलं. गेल्या भीमजयंतीला मी त्याची परतफेड केली. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुठंतरी माझं मन द्रवेल, या आशेनं कुणी वाचत राहू नये.

वालूरला माझे वडील लाऊडस्पीकरवाले होते. लग्न, उरूस, जयंती, निवडणूक, कुणाचंही काम असो, कर्णे त्यांचेच. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला होता. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पेटीवर बशीएवढ्या दोन चकत्या असतात, त्याच स्पूल. एकीवरून टेप सुटते, मधल्या आवाज उमटवणाऱ्या हेडला घासून जाते आणि दुसरीवर गुंडाळली जाते. वजन एवढं की उचलायला दोन माणसं लागायची. गावात कुणाकडं असलं मशीन नव्हतं. वडील त्याला कुणाला हात लावू देत नसत.

आई रोजानं खुरपायला जायची आणि गाणी रचायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळी डोक्यात. जयंतीच्या मंचावर तेव्हा बायका गात नसत. गायन पार्टी पुरुषांची. आई विहाराच्या ओट्यावर बायकांत बसून गायची. तिचं सगळ्यात चांगलं गाणं माझ्यावर होतं. तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते.

चुलीच्या कोळशानं पाटी गं घासली,
लेक माझी पहिल्या बाकावर बसली.

आई कुठल्याच बाकावर बसली नव्हती. तिच्या वेळच्या शाळेत तिच्यासारख्यांना दाराबाहेर बसवायचे, आणि तिथंही ती दोनच दिवस गेली. हे समजलं की गाणं समजतं.

एका दुपारी वडिलांनी तिला समोर बसवलं, माईक पुढं ठेवला आणि ते गाणं टेप केलं. पेटी नाही, ढोलकी नाही. आई आणि तिच्या टाळ्या. पहिली दोन कडवी चांगली झाली. तिसऱ्या कडव्यात ‘पाटीवर पहिलं अक्षर...’ असा शब्द आला आणि मी फिरत्या चकतीवर बोट ठेवलं. ती का फिरते, एवढंच मला बघायचं होतं. आईनं गाणं थांबवलं, माझ्या गालावर एक चढवली, मी भोकाड पसरलं. मग ती काहीच झालं नाही अशी ‘...माझ्याच नावाचं’ म्हणून पुढं गायला लागली. वडील हसत होते. टेप पुसून पुन्हा घेऊ म्हणाले. आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. शेळीला पानी पाजायचं हाय.”

ती थप्पड मला आजही आठवते. पुढं तीच कामी आली.

मी सातवीत असताना वडील गेले. दिवसकार्य झालं आणि चुलतभाऊ आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. आवाज चांगला होता, हे मी नाकारत नाही. परभणीला कॉलेजात होता, गायन पार्टीत झील धरायचा. म्हणजे मुख्य गाणारा ओळ म्हणतो, आणि मागं उभे राहून तीच ओळ परत म्हणतात त्यातला एक. तो आईला म्हणाला, “काकू, ती स्पूल दे. तुज्या गाण्याची कॉपी करून आनतो. परभनीला एका सरांकडं नवीन मशीन हाय.”

आईनं दिली. पुढं किती तरी दिवस मी विचारत राहिले. शेवटी तो म्हणाला, “खराब झाली ती. बुरशी लागली व्हती. फेकली.”

दुसऱ्या वर्षी मी पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते आणि गिरणीवाल्याच्या कॅसेटवर आईचं गाणं लागलं. दादाच्या आवाजात. शब्द तेच, चाल तीच. एक बदल होता. ‘माझी’च्या जागी ‘भिमाची’ केलं होतं. लेक आता कुण्या एका आईची नव्हती, म्हणून कुणाचीही होऊ शकत होती. तिसऱ्या कडव्यात ‘पाटीवर पहिलं अक्षर’ म्हणून दादा थांबला. गिरणीचा पट्टा फिरत होता, दादा गप्प होता. मग ‘माझ्याच नावाचं’ म्हणून पुढं गेला.

मी दळण तिथंच टाकून घरी पळाले. आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ दे.”

“अगं पर तू मला मारलं तिथंच त्यो थांबायलाय!”

“जाऊ दे म्हनलं न्हवं? गानं वस्तीतच हाय. बाहेर गेलं का?”

‘जाऊ दे’ हा आईचा मंत्र. तो मी पुढं चाळीस वर्षं ऐकला. दादाच्या कॅसेट निघाल्या, तो सोनपेठपासून पोखर्णीपर्यंत कार्यक्रम करत फिरला, नंतर मोबाईलवर आला. प्रत्येक ठिकाणी ‘गीत, संगीत आणि स्वर’ म्हणून एकच नाव. आणि तो थांबा तर प्रसिद्ध झाला. लोक त्याची वाट बघायचे. दादा डोळे मिटायचा, हात वर करायचा, अख्खा मंडप श्वास धरायचा, आणि ‘माझ्याच नावाचं’ म्हटलं की टाळ्या. एका चॅनेलवाल्यानं विचारलं, तर दादा म्हणाला, “ती शांतता म्हणजे हजारो वर्षांच्या मौनाला दिलेली जागा आहे.”

हजारो वर्षांचं मौन. माझ्या गालावर पाच बोटं उठली होती.

मी त्यावर काही केलं नाही, कारण हातात काही नव्हतं. मी म्हणणार माझ्या आईचं गाणं, तो म्हणणार पुरावा दाखव. बारावीनंतर मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली. वर्गात मी एकटी मुलगी. मग परभणीत साऊंडचं दुकान टाकलं. आज माझ्याकडं चार गाड्या भरतील एवढे बॉक्स आहेत. वडिलांचं मशीनही माझ्या गोदामात आहे. मी ते दर वर्षी उघडते, हेड स्पिरिटनं पुसते, रबर बघते, तेल घालते. प्रेम वगैरे नाही. चालणारी वस्तू बंद पडू द्यायची नाही, एवढंच.

दीडेक वर्षापूर्वी दादा मुलाला घेऊन दुकानात आला. मुलगा कॉम्प्युटरवर संगीत करतो, पुण्याला असतो. दादाचे केस आता पांढरे, खांद्यावर निळी शाल.

“जयभीम, बाई. काय करायलीस?”

“जयभीम. वायर सोलायले. बस.”

मुलगा बोलायला लागला. “आत्या, हल्ली सगळे परत टेपवर रेकॉर्ड करतात. परदेशात तर वेड आहे. स्पूलवर आवाजाला एक ऊब येते. कॉम्प्युटरवर ती येत नाही. बाबांची दहा गाणी टेपवर करायची आहेत. तुमच्याकडं आजोबांचं मशीन आहे ना?”

“ऊब आतल्या काचेच्या व्हॉल्व्हला येते,” मी म्हणाले. “हात लाव, भाजतंय.”

दादा हसला. “हिचं असंच आसतंय. अगं, घरच्यासाठी करायचं. न्हाई म्हनू नको.”

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. वडिलांच्या मशीनसमोर दादाला उभं करून बघायचं होतं, इतकंच.

गोदामातले बॉक्स एका बाजूला लावून मी गाद्या टांगल्या. मुलानं नव्या टेपा मागवल्या होत्या. स्पूलवर काम करायचं तर कॉम्प्युटरनं लावलेली लाडांची सवय सोडावी लागते. चुकलेला शब्द तेवढा उचलून बदलता येत नाही. आमच्या मशीनवर एकच ट्रॅक, त्यामुळं पेटी, ढोलकी, गाणारा सगळे एकदम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुणीही चुकलं की चकती मागं फिरवायची आणि पुन्हा सगळे. कानाला हेडफोन लावून बसलेली मी ठरवणार, चुकलं की नाही.

तो अधिकार मी पुरेपूर वापरला.

“दादा, दम कमी पडायलाय. पुन्हा.”

“चांगलं तर झालं की.”

“तुला ऐकू येत न्हाई, टेपला येतंय. पुन्हा.”

एकेक गाणं मी त्याच्याकडून घामाघूम होईपर्यंत घेतलं. खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं गरजेचं होतं आणि अर्धं नव्हतं. पण टेप खरंच दहा पट चांगली झाली, त्यामुळं कुणाची तक्रार राहिली नाही. मुलगा तर माझ्या पाया पडला.

आईचं गाणं मात्र दादा नव्यानं गाईना. तिसऱ्या कडव्याला आवाज चढत नव्हता. तेव्हा मुलाला कल्पना सुचली. “बाबा, तुमचं पहिलं रेकॉर्डिंग स्पूलवरच झालंय ना? ते आहे ना घरी? वालूरला जयंतीच्या कार्यक्रमात ती मूळ स्पूल मंचावर वाजवायची, आणि तुम्ही त्याच्यासोबत आज गायचं. तरुण बाबा आणि आताचे बाबा. लोक वेडे होतील.”

दुसऱ्या दिवशी दादानं स्पूल आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कापड गुंडाळलेलं. “वाजती का बघ. त्या सरांचं मशीन कवाच भंगारात गेलं. तवापासून ऐकली न्हाई.”

मी कापड सोडलं. चकतीच्या मधोमध निळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

वडील आपल्या प्रत्येक वस्तूला तो ठिपका द्यायचे. कर्ण्याला, माईकला, वायरच्या टोकाला. लग्नात दुसऱ्या गावचा लाऊडस्पीकरवाला आला तर माल बदलू नये म्हणून. बुरशी लागून फेकलेली स्पूल ती हीच. फेकली नव्हती. त्यानं तिच्यावरच स्वतःचं गाणं टेप केलं होतं, आणि स्वतःचं पहिलं गाणं म्हणून जपली होती. आणि आज माझ्याच हातात आणून दिली. इतकी वर्षं खोटं बोललं की माणसाला ते खोटं आहे हे आठवत नाही.

“ठेव,” मी म्हणाले. “साफ करून बघते.”

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, टेप लावली आणि वाजवली.

इथं थोडं यंत्राचं सांगायला हवं. वडिलांचं मशीन जुन्या पद्धतीचं, टेपच्या अर्ध्या रुंदीवर आवाज उमटवणारं. त्या सरांचं मशीन नवं, स्टिरिओ. त्याचं हेड अरुंद, पाव रुंदीचं. मोठ्या पाभरीनं पेरलेल्या पट्ट्यावर लहान वखर फिरवलं, तर वखराखाली आलेलं निघतं आणि कडेचं उभंच राहतं. दादानं नव्या मशीनवर आईचं गाणं पुसून स्वतःचं भरलं, तेव्हा फक्त वखराखालचं गेलं. नव्या मशीनवर वाजवलं की अरुंद पट्टी तेवढी ऐकू यायची, म्हणून त्याला वाटलं सगळं पुसलं गेलंय. वडिलांचं रुंद हेड दोन्ही पट्ट्या एकदम वाचत होतं.

आधी दादाची पेटी लागली. ती सूर धरत होती तोवर पलीकडून माझी आई गायला लागली. आज तिचा आवाज फुटका झालाय. हा आवाज मी विसरले होते. पस्तिशीही न गाठलेल्या बाईचा, रानात शेजारणीला हाक मारणारा, धारदार.

मी शेवटपर्यंत ऐकलं. चहा केला, प्याले. मग एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, स्पूल होती तशी गुंडाळली आणि दादाला फोन केला.

“वाजती. पर टेप लय ठिसूळ झालीय, दादा. एकदाच वाजंल. तालमीला लावली तर कार्यक्रमात तुटंल.”

टेप ठणठणीत होती.

“बरं झालं. मग डायरेक्ट मंचावरच लाव.”

“दादा,” मी विचारलं, “त्या गाण्याची चाल कुनाची रे?”

“माजीच की. आता काय इचारायलीस?”

“सहज. अनाउन्सरला सांगायचं होतं.”

त्यानं खरं सांगितलं असतं, तर मी त्याला बोलावून दुकानातच टेप ऐकवली असती. बहुतेक. नक्की सांगता येत नाही.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी वालूरच्या विहारापुढं मंडप भरला. साऊंड माझा. मंचावर मधोमध टेबलावर वडिलांचं मशीन, निळ्या कापडावर. आई येत नव्हती. मी तिला म्हटलं, “तुज्या नवऱ्याचं मशीन हाय, बघायला तरी ये.” मग आली. पहिल्या रांगेत, तिच्या वयाच्या दोघी-तिघींजवळ तिला बसवलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं ‘जाऊ दे’ म्हणून मला थांबवलं असतं, आणि मी थांबले असते.

दादा माईक घेऊन उभा राहिला. थोडं भाषण केलं. गरिबीत कसं गायलो, हे गाणं कसं एका रात्रीत सुचलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली. मी बटण दाबलं. चकत्या फिरायला लागल्या, लोकांनी मोबाईल वर केले.

पेटी लागली. दादानं डोळे मिटले. आणि कर्ण्यातून आई गायला लागली.

दादानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, मी चुकीची टेप लावली. तेवढ्यात टेपवरचा तरुण दादाही सुरू झाला, तीच ओळ, आईच्या मागून. ती पुढं, तो मागं. तिची ओळ संपायची, त्याची यायची. अख्ख्या मंडपाला कळलं की हा झील धरतोय. काकूच्या मागं उभा राहून.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी आईला म्हणाली, “अगं, ही तर तू हायस.”

आई कान देऊन ऐकत होती. दुसऱ्याच कुणाची परीक्षा घेत असल्यासारखी.

दादा मंचाच्या कडेला माझ्यापाशी आला. “बंद कर.”

“मधी बंद केली तर तुटंल. सांगितलं व्हतं न्हवं?”

“बाई, बंद कर म्हनलं ना.”

“गा की. सोबत गायचं व्हतं तुला.”

तिसरं कडवं आलं. आई ‘पाटीवर पहिलं अक्षर’ म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकत वर गेला. ते माझं बोट. मग ती थांबली. मग थप्पड. इतकी स्वच्छ की मागच्या रांगेतही कुणीतरी मान वळवली. मग एका पोरीचं भोकाड. आणि आई, काहीच झालं नाही अशी, ‘माझ्याच नावाचं’ म्हणून पुढं.

तेव्हा कुठं मागून येणारा दादा त्या जागेवर पोचला. थांबला. हजारो वर्षांचं मौन. त्या मौनात आता आई गात होती, आणि पोरीचे हुंदके चालू होते.

आधी एक बाई हसली. मग रांग हसली. मग मंडप. लोक चिडले असते तर दादानं निभावून नेलं असतं. चिडलेल्या सभेपुढं तो आयुष्यभर उभा राहिलाय. हसणाऱ्या सभेपुढं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

गाणं संपलं. मीच मशीन थांबवलं. तीच म्हातारी उभी राहिली आणि बसल्या जागी बोलावं तसं बोलली, “काय रं, चाल तुजी म्हनत व्हतास न्हाई का?”

दादाच्या हातात माईक होता. तो खाली बघून पुटपुटला, “काकूची हाय.”

मी मिक्सरवर त्याच्या माईकचा आवाज पूर्ण वर नेला. “ऐकू आलं न्हाई, दादा.”

“काकूची हाय,” तो म्हणाला. “चाल बी, शब्द बी.” ते चारी कर्ण्यांतून वस्तीभर गेलं. पार वस्तीपलीकडच्या कब्रस्तानाच्या भिंतीला लागून परत आलं.

त्यानंतर तो दोनदा दुकानात आला. एकदा विचारायला, की दोन आवाज वेगळे करता येतात का. येत नाहीत म्हटलं. अरुंद हेडवर येतात, पण ते त्याला कशाला सांगू? दुसऱ्यांदा स्पूल मागायला. मी त्याला निळा ठिपका दाखवला. ती माझ्या वडिलांची आहे. मुलाला बिचाऱ्याला शरम वाटते, तो फोन करतो, मी बोलते. त्याच्याशी माझं वैर नाही. लोक विचारतात, म्हातारपणी त्याला असं उघडं पाडलं, वाईट नाही वाटलं का? नाही. आई रानातून आल्यावर गिरणीत, हॉटेलात, एसटीत स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या नावानं ऐकत म्हातारी झाली. तिला वाईट वाटलं का, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

या वर्षीच्या जयंतीची पत्रिका आली. वस्तीतल्या पोरांनी छापलेली. दादाचा कार्यक्रम आहेच, लोकांना गाणं हवंय, आणि गाणारा तोच. मी ती आईला नेऊन दाखवली. तिला वाचता येत नाही. कागद उलटसुलट करून तिनं विचारलं, “माजं नाव कुटं हाय?”

मी बोट ठेवलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. गीत आणि चाल.

तिनं त्या अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं.

“आन् त्याचं?”

“खाली.”

“किती खाली?”

मी तिचं बोट धरून कागदावरून खाली नेलं, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक, मंडप आणि साऊंड या सगळ्यांवरून, आणि पार शेवटच्या ओळीवर टेकवलं.

तिनं बोट तिथंच दाबून धरलं.

“आसू दे तिथंच,” ती म्हणाली. “वर घेऊ नका म्हनावं.”